साठा भरलेला, झरा आटलेला

भूजलाच्या नोंदी तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या ब्लॅक मेसाचं प्रकरण डोक्यातून जात नाही. होपी आणि नवाहो या तिथल्या आदिवासी लोकांच्या जमिनीतला कोळसा भरडून, पाण्यात कालवून, सुमारे 440 किलोमीटर लांबीच्या नळातून नेवाडातल्या वीजकेंद्राकडे जायचा. 1970 पासून 2005 च्या अखेरपर्यंत हे चाललं. पाणी कुठलं? त्याच लोकांच्या पायाखालचं, ‘नवाहो’ जलधरातलं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरातलं. रोज एक कोटी लिटरहून जास्त, तेही पिण्याजोगं. कोळसा वाहून न्यायला!

होपी म्हणत होते, आमचे झरे आटतायत. कोळसा काढणारी कंपनी म्हणत होती, साठा अफाट आहे, आम्ही त्यातलं किरकोळ पाणी उपसतो. खरी मेख अशी, की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. झरा पातळीवर चालतो. पाण्याची पातळी जिथे जमिनीला येऊन भिडते तिथे तो फुटतो. ती थोडी खाली गेली, की खाली शेकडो फूट पाणी असूनही झरा बंद. पिंपाची तोटी अगदी वर बसवलेली असावी, तसं. साठ्याच्या टक्केवारीत हे कधीच दिसत नाही.

होपींच्या विधींना या झऱ्यांचं पाणी लागतं, गाव जमून झरे साफ करतं. पिढ्यानपिढ्या एकाच झऱ्यावर नजर ठेवणाऱ्यांचं सांगणं मी निरीक्षण विहिरीच्या नोंदीइतकंच गंभीरपणे घेते. 2006 मध्ये त्यांचे धावपटू पाण्याचं हे गाऱ्हाणं घेऊन थेट मेक्सिको सिटीच्या जागतिक जल परिषदेपर्यंत धावत गेले.

कोर्टाचं म्हणाल, तर 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या आग्वा कालिएन्ते जमातीच्या खटल्यात अपील न्यायालयाने मान्य केलं, की आदिवासींचा राखीव पाणीहक्क, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीसोबत येणारा पाण्यावरचा हक्क, भूजलालाही लागू होतो. फार मोठी गोष्ट. पण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, की 1868 च्या तहामुळे नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलायला सरकार बांधील नाही. नवाहोंच्या जवळपास एक तृतीयांश घरांत नळ नाही. हे वाचून माझा संताप होतो.

उपसा कुठे थांबवायचा, ती रेषा झऱ्याच्या पातळीवरून ठरायला हवी. आणि ती होपी-नवाहोंनी ठरवावी, पंप बसण्याच्या आधी.