आम्ही की आपण?

“नोन लाब्यामो फिनीतो.” आम्ही ते पूर्ण केलं नाही.

इटलीतल्या सिएना शहराच्या कॅथेड्रलशेजारच्या त्या उंच, एकट्या भिंतीखाली उभी होते. जवळच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये त्यांना विचारलं, ही भिंत अशी अर्धवट का? त्यांनी हे उत्तर दिलं आणि पुढे एकच शब्द जोडला, “ला पेस्ते.” प्लेग.

१३३९ मध्ये सिएनाने कॅथेड्रल इतकं वाढवायचं ठरवलं, की आजची अख्खी इमारत नव्या इमारतीचा नुसता आडवा भाग झाली असती. १३४८ मध्ये प्लेग आला, काम थांबलं ते कायमचं. उरली ही भिंत. वर चढलं की खाली पियात्सा देल काम्पो हा शहराचा मुख्य चौक शिंपल्यासारखा पसरलेला दिसतो.

पण मी अडकले त्या क्रियापदात.

याच आठवड्यात इटालियनच्या वर्गात दोन भूतकाळ शिकलो: दूरच्या, संपून गेलेल्या गोष्टींसाठी ‘पास्सातो रेमोतो’. आजशी धागा जुळलेला असेल तर ‘पास्सातो प्रॉस्सिमो’. सिएना ज्या भागात आहे त्या तोस्कानात तर बोलतानाही रेमोतो सहज वापरतात. तरी आजींनी जवळचा भूतकाळ वापरला. तोही ‘आम्ही’ म्हणून! पावणेसातशे वर्षांपूर्वीचं काम, आणि जणू गेल्या पावसाळ्यात घराचं छप्पर घालायचं राहून गेलं.

रात्री वहीत ते वाक्य मराठीत लिहायला बसले. इटालियनमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींसाठी ‘नोई’ एकच. आपल्याकडे दोन आहेत. आधी ‘आम्ही’ लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

तुम्ही काय लिहिलं असतं?