ओटीतला हातवारा

ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, स्क्रब करून (हात निर्जंतुक धुऊन) गाऊन-हातमोजे चढवलेल्या सर्जनला माउसला हात लावता येत नाही. मग सीटी स्कॅन बघायचा तर बाजूच्या कुणाला तरी ‘खाली, अजून खाली, नाही, एक वर’ असं सांगत बसावं लागतं. 2010 मध्ये किनेक्ट आला आणि व्हिडिओ गेमचा तो कॅमेरा काही रुग्णालयांत याच कामाला लागला. लंडनच्या सेंट थॉमसमध्ये 2012 मध्ये रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत तो वापरून पाहिला गेला. आमचाही खटाटोप तोच होता. हवेत हात हलवायचा, स्कॅन पुढे सरकणार. नेहमीचा पडदा आणि माउस जागच्या जागी ठेवून आम्ही आमचा पडदा शेजारी लावला.

ओटीत शिरल्यावर पहिली नजर गेली ती सर्जनच्या कोपरांकडे. ती बरगड्यांना चिकटलेली. एका बाजूला असिस्टंट, दुसऱ्या बाजूला सिस्टर, खांद्याला खांदा. हात पाठीमागे किंवा कमरेखाली गेला की निर्जंतुकपणा संपला. त्यामुळे सर हात छातीसमोर ठेवून फक्त मनगट हलवत होते. आमचा कॅमेरा अंतर मोजून हात ओळखतो. छातीला लागून असलेला हात त्याच्या लेखी छातीचाच भाग, त्यामुळे स्कॅन ढिम्म हलेना.

त्याहून अवघड पुढेच होतं. गाठीची कड दाखवायला सरांनी हात लांब करून पडद्याकडे बोट केलं आणि नेमकी तीच प्रतिमा सरकून गेली. ‘अरे, थांब, थांब!’ असिस्टंटने ‘सर, इथे ना?’ म्हणून हात पुढे केला, तेव्हा पुन्हा तेच. माणसं हातांनी बोलतात. यातलं कोणतं बोलणं आणि कोणती आज्ञा, हे नुसत्या कॅमेऱ्याने ठरवणं फार कठीण आहे.

मग एक गोष्ट दिसली. सरांनी जखमेवरची नजर न हलवता वर हात नेला, दिव्याचा दांडा धरला आणि प्रकाश हवा तिथे वळवला. त्या दांड्यावर निर्जंतुक टोपी होती. म्हणजे स्पर्श टाळायलाच हवा असं नव्हतं! निर्जंतुक आवरण असलेला स्पर्श त्या खोलीत रोज चालतो, आणि बोटांना तो न बघता कळतो.

संध्याकाळी आम्ही टेबलाच्या कडेला लावायची, फिरवता येणारी एक गोल खुंटी कागदावर काढली. एक खटका म्हणजे स्कॅनचा एक काप, आणि दाबून धरल्याशिवाय काहीच हलणार नाही. पायातलं पेडल मी लगेच बाद केलं. तिथे कॉटरीचं, म्हणजे विजेने ऊती जाळून रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाचं, पेडल आधीच असतं, आणि चुकीचं दाबलं गेलं तर भाजतं. हवेतला हातवारा टेबलापासून मागे सरून उभ्या राहिलेल्या माणसासाठी ठेवला.

सिस्टरना चित्र दाखवलं. त्यांनी दोन अटी घातल्या: खटका दुहेरी हातमोज्यांतून आणि आवरणातूनही जाणवला पाहिजे, आणि खुंटीवरची टोपी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकता आली पाहिजे. ‘नाहीतर मी आत आणू देणार नाही.’