चिंगीच्या दातांचं स्केलिंग आणि नंतरचं रोजचं घासणं

चिंगी आमच्याकडे आली ती मोठी होऊनच. मावशी लेकीकडे कायमची राहायला गेली आणि तिची ही स्पिट्झ जातीची कुत्री आम्ही ठेवून घेतली. सगळे तिला पॉमेरियन म्हणतात. आपल्याकडचे बरेचसे पॉमेरियन खरं तर इंडियन स्पिट्झच असतात. लहान चणीच्या कुत्र्यांचे दात दाटीने असतात, त्यामुळे त्यांना हिरड्यांचा त्रास जास्त. चिंगीच्या तोंडाला उग्र वास यायचा. ओठ उचलून पाहिलं तर वरच्या दाढांवर तपकिरी किटण आणि हिरडीची कड लालभडक.

डॉक्टरांनी नीट समजावलं. लाळेची नळी वरच्या मोठ्या दाढेपाशी उघडते, म्हणून किटण तिथे आधी धरतं. दातांवरचा मऊ थर ब्रशने निघतो, पण लाळेतले क्षार बसून तो थोड्याच दिवसांत कडक होतो. मग स्केलिंगच, म्हणजे अवजाराने किटण खरवडून काढणं, करावं लागतं, आणि तेही पूर्ण भूल देऊन. एका ग्रूमिंगवाल्याने भूल न देता खरवडून देण्याची तयारी दाखवली होती. डॉक्टर स्पष्ट नको म्हणाले. त्याने वरून दात पांढरे दिसतात, पण आजार हिरडीखाली असतो आणि जागं कुत्रं तिथे अवजार घालूच देत नाही. मला हे पूर्ण पटलं.

भुलीची धास्ती मात्र होतीच. आधी रक्त तपासून लिव्हर-किडनी ठीक असल्याची खात्री केली. आदल्या रात्रीपासून खाणं बंद. पाणी आणि घाण फुफ्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनळीत नळी घालतात, हे कळल्यावर जरा धीर आला. हिरडीखालची सफाई झाली, एक्स-रेमध्ये मूळ सैल झालेले दोन दात दिसले ते काढले, शेवटी पॉलिश केलं. खरखरीत दातावर थर लवकर बसतो म्हणून. संध्याकाळी ती पेंगुळलेलीच घरी आली. पुढचे काही दिवस मऊ भात आणि चिकन.

हिरड्या भरून आल्यावर खरं काम सुरू झालं. घाई करायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. सुरुवातीला फिरून आल्यावर नुसता ओठ उचलायचा आणि लगेच खाऊ. मग बोटाला गॉज गुंडाळून, चिकनच्या पाण्यात बुडवून (कांदा, लसूण, मीठ काही नाही) दाढांवरून फिरवायचं. ती स्वतःहून तोंड पुढे करायला लागली तेव्हाच ब्रश आणला. पेस्ट कुत्र्यांचीच हवी. माणसांची पेस्ट दिली तर ती गिळते, आणि त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून बाहेरच्या बाजूने गोल फिरवायचा. आतली बाजू जीभ बरीचशी सांभाळते, तिथे मी झगडत नाही.

मटणवाल्याकडची जाड हाडं आता बंद आहेत. त्यांनी वरची मोठी दाढ चिरते. चघळायचं काही विकत घेताना अंगठ्याचं नख रुतवून बघते; रुतलं नाही तर ते परत ठेवते.

आता वास येत नाही, हिरड्या गुलाबी आहेत. डाव्या दाढेवर पिवळट कड पुन्हा दिसायला लागली आहे. तिथे रोज थोडा जास्त वेळ ब्रश फिरवते आणि पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना तीच दाखवणार आहे.