घरच्या शुभेच्छापत्राचे छायाचित्र : सहा उशा, सहा माणसे, पाच रविवार

गेल्या वर्षीचे आमचे कौटुंबिक छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर उत्तम दिसत होते. शुभेच्छापत्र छापून आले, तेव्हा मात्र ‘शुभेच्छा’ हा शब्द सासऱ्यांच्या कपाळावरून गेलेला होता, मुलीचा डावा खांदा कापला गेलेला होता आणि सहापैकी चौघांच्या चेहऱ्यावर ‘आता पुरे’ हा एकच भाव होता. त्या दिवशी मी सर्वांना तासभर बसवून ठेवले होते आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ माझी झटापट कॅमेऱ्याशीच चालली होती. यंदा म्हणून एकच नियम केला : माणसांनी बसायचे ते फक्त दहा मिनिटे, आणि तोवरच्या माझ्या सगळ्या चुका उशांवर करून घ्यायच्या. त्या प्रयोगांची ही नोंद, घरच्या घरी असेच काही करू पाहणाऱ्यांसाठी.

साहित्य जुनेच आहे. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (म्हणजे मध्यम आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, १८–५५ मिमी झूम, ५० मिमीची एक लेन्स, ट्रायपॉड आणि थर्माकोलचा एक मोठा पांढरा तक्ता. फ्लॅश मुद्दाम बाहेर काढला नाही, कारण दिवसा आमच्या बैठकीच्या खोलीत मोठ्या खिडकीतून येणारा प्रकाश पुरेसा असतो आणि मुलगा फ्लॅशला हमखास डोळे मिटतो.

पहिला रविवार कार्डाच्या मापात गेला, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी होती हे आता पटले आहे. आमचे कार्ड ५ × ७ इंचांचे आहे, म्हणजे त्याचे प्रमाण ७:५. कॅमेऱ्याची चौकट मात्र ३:२ अशी, थोडी अधिक लांबट. ६००० × ४००० पिक्सेलच्या चित्रातून ७:५ प्रमाण काढायचे तर लांबीतले ५६०० पिक्सेल उरतात, आणि दोन्ही कडांचे दोनदोनशे पिक्सेल जातात. मुलीचा खांदा याच दोनशे पिक्सेलांत गेला होता. शिवाय छपाईनंतर कागद कापताना यंत्र इकडेतिकडे सरकू शकते, म्हणून चारही बाजूंना ३ मिमी जादा चित्र द्यावे लागते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दोन्ही कडांना दोन-दोन मिलिमीटर रुंदीच्या कागदी चिकटपट्ट्या लावल्या आणि वरच्या बाजूला मजकुरासाठी तिसरी, जरा रुंद पट्टी लावली. या पट्ट्यांखाली कुणाचेही डोके, कोपर किंवा खांदा जाता कामा नये, एवढे पाहिले की पुरते. छपाईसाठी साधारण ३०० पिक्सेल प्रतिइंच धरतात. त्या हिशेबाने ५ × ७ इंचांना १५०० × २१०० पिक्सेल पुरतात. तेव्हा मेगापिक्सेलची काळजी सोडून द्यावी आणि कडांची करावी.

दुसऱ्या रविवारी पंगत बसली. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या आणि मध्ये एक बुटके स्टूल, मागच्या रांगेत कपडे वाळत घालायचा स्टँड. पांढऱ्या अभ्र्यांच्या सहा सारख्या उशा ज्याच्या त्याच्या डोक्याच्या उंचीवर बसवल्या, बांधल्या. सासरे वर्तमानपत्र घ्यायला आत आले आणि दारातच थबकले. “यातला मी कोणता?” म्हणाले. मी दाखवल्यावर त्यांनी आपली उशी जरा ताठ करून ठेवली.

एकाच रंगाच्या सहा उशांचा फायदा असा की प्रकाशातला फरक लपत नाही. रांग खिडकीला काटकोनात होती. खिडकीजवळची उशी तिच्यापासून सुमारे एक मीटरवर, पलीकडची अडीच मीटरवर. दोन्हींवर स्पॉट मीटरिंग केले, म्हणजे फक्त त्या-त्या ठिपक्यावरचा उजेड मोजला, तर जवळजवळ दोन स्टॉपचा फरक आला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). म्हणजे एका टोकाच्या माणसावर दुसऱ्याच्या चौपट उजेड. बिंदूसारख्या लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, दुप्पट अंतरावर एक चतुर्थांश. खिडकी रुंद असल्यामुळे तिचा प्रकाश इतक्या वेगाने उतरत नाही, पण कल तोच. गेल्या वर्षी नवऱ्याचा चेहरा काळवंडलेला आणि सासूबाईंचा पिठासारखा पांढरा का आला, याचे उत्तर त्या दोन उशांनी दिले. मग सगळी रांग खिडकीपासून मागे ओढली आणि तिरकी फिरवली, म्हणजे दोन्ही टोके खिडकीपासून जवळपास सारख्या अंतरावर आली. पलीकडच्या बाजूला, चौकटीच्या जेमतेम बाहेर, खिडकीचा उजेड परतवायला थर्माकोलचा तक्ता उभा केला. फरक अर्ध्या स्टॉपवर आला. तो मी मुद्दाम तसाच ठेवला. सगळीकडे सारखा उजेड पडला की चेहरे सपाट दिसतात, नाकाला उठाव राहत नाही.

खोलीतले पिवळसर दिवे बंद केले, हे एका वाक्यात सांगून पुढे जाते. दिवसाचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा (हे प्रकाशाच्या रंगाचे माप), पिवळ्या दिव्याचा सुमारे २७००. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा करतो ती रंगदुरुस्ती, कशालाच धड लागू पडत नाही.

लेन्सबाबत मी बराच काळ चुकीच्या समजुतीत होते. खोली लहान, म्हणून झूम १८ मिमीवर आणून जवळून चित्र घ्यायचे, ही माझी सवय. उशांवर ते घेतल्यावर कडेची उशी लोडासारखी आडवी ताणलेली दिसली, आणि गेल्या वर्षी आपले दंड एवढे जाड कसे आले हे कोडेही सुटले. रुंद कोनाच्या लेन्समध्ये कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात, त्यामुळे समूहचित्रात कडेला उभ्या राहणाऱ्यावर अन्याय होतो. ५० मिमी लेन्सला सहा जणांची रांग बसवायला सव्वाचार मीटरच्या आसपास अंतर हवे होते. खोलीत ते नव्हते. ट्रायपॉड स्वयंपाकघराच्या दारात नेला, आणि ते मिळाले. या अंतरावर एफ/२ अपर्चर (लेन्सचे भोक; आकडा लहान तितके भोक मोठे) ठेवले तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साठ सेंटिमीटरचा असतो, त्यातलाही अर्धा फोकसच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला. मागची रांग सहज धूसर होते. एफ/५.६ ला तोच पट्टा दीड मीटरहून मोठा होतो. पार्श्वभूमी धूसर करण्याचा मोह एकट्या माणसाच्या चित्रासाठी राखून ठेवावा, असे माझे मत झाले आहे. शेवटी एफ/५.६, १/१६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० हे आकडे ठरले आणि सगळे हाताने पक्के केले. आयएसओ ३२०० चे कण पडद्यावर पूर्ण मोठे करून पाहिले तर दिसतात, सात इंची कागदावर मला तरी दिसले नाहीत.

तिसऱ्या रविवारी उशांना कपडे घातले. मुलाचा आवडता टी-शर्ट झगझगीत पोपटी, आणि तो मधल्या बुटक्या स्टुलावर बसणार. चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा शेजारच्या, म्हणजे सासूबाईंच्या, उशीचा खालचा कोपरा हिरवट झालेला होता. टी-शर्टाच्या जागी राखाडी सदरा घातला, उशी पुन्हा पांढरी. माणसाच्या हनुवटीखाली हाच हिरवट रंग आला असता तर तो मी व्हाइट बॅलन्सच्या माथी मारून तासभर घालवला असता. भडक कपडे नकोत, हा सल्ला सगळेच देतात. तो का, हे मला त्या कोपऱ्याने शिकवले : कपड्यावरून परतणारा उजेड आपला रंग शेजारच्यावर टाकतो. पोपटी टी-शर्ट मुलाने सदऱ्याच्या आत घालावा, असा तह झाला.

चौथ्या रविवारी सकाळी माणसे बसली. खुर्च्यांच्या आणि पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या, त्यामुळे ‘थोडे डावीकडे, नाही, माझ्या डावीकडे’ हा संवाद झालाच नाही. कॅमेरा इंटरव्हल टायमरवर, दर चार सेकंदांना एक चित्र, एकूण साठ. म्हणजे चार मिनिटे, आणि मला धावत जाऊन जागेवर बसण्याची घाई नाही.

किती चित्रे घ्यावीत, याचा एक खरोखरीचा हिशेब उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या निक स्व्हेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी समूहचित्रात कुणाचेच डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती चित्रे घ्यावी लागतील ते काढले, आणि त्याबद्दल त्यांना २००६ चे गणितातील इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनासाठीचे पारितोषिक, मिळाले. त्यांचा सोपा नियम असा की वीसहून कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागावे, कमी उजेडात दोनने. सहा माणसांना दोन किंवा तीन चित्रे पुरावीत. पण हा नियम पापण्यांचा आहे. चार वर्षांच्या मुलाच्या जिभेचा त्यात विचार नाही. १८४३ साली हेन्री कोल यांनी लंडनमध्ये छापून घेतलेल्या पहिल्या व्यापारी नाताळपत्रावरही पेले उंचावलेले एक कुटुंबच आहे, पण ते जॉन कॉलकॉट हॉर्सली यांनी हाताने काढलेले. चित्रकाराला ही भीती नसते.

उशांनी जे सांगितले नव्हते ते सासूबाईंच्या चष्म्यात होते : दोन्ही काचांत अख्खी खिडकी, गजांसकट.

“चष्मा काढू का गं?” त्यांनी विचारले. नाकावरच्या खुणा दिसल्या असत्या, आणि चष्म्याविना त्या आम्हालाच ओळखीच्या वाटत नाहीत. त्यांच्या चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या, त्यामुळे काचा जरा खाली झुकल्या आणि खिडकीचे प्रतिबिंब लेन्सच्या वाटेतून निघून गेले. यात तीन मिनिटे गेली. पहिल्या वीस चित्रांत आजी चष्मा सावरते आहे आणि मुलगी “आजी, हलू नकोस ना” म्हणते आहे. चाळिसाव्यानंतर मुलाने कॅमेऱ्याच्या खटक्यांची गणती सुरू केली आणि पंचेचाळिसाव्याला नेमका हसला, कारण मोजताना तो एक आकडा विसरला होता. सगळे त्याच्याकडे बघून हसत होते. तेच चित्र निवडले. बैठक साडेनऊ मिनिटांत उठली.

त्या पंचेचाळिसाव्या चित्रात सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. त्रेचाळिसाव्यात उघडे. कॅमेरा, प्रकाश आणि सेटिंग काहीच हलले नव्हते, त्यामुळे संगणकावर दोन्ही चित्रांचे एकावर एक थर ठेवून डोळ्यांपुरता भाग घेणे पाच मिनिटांचे काम होते. तरी मला ते थोडे लबाडीचे वाटत होते, म्हणून त्यांनाच विचारले. “डोळे माझेच आहेत ना? मग झालं,” म्हणाल्या.

पाचवा रविवार छपाईचा. पहिली चाचणी-प्रत अपेक्षेपेक्षा काळसर आली, कारण माझ्या पडद्याची प्रखरता पूर्ण चढवलेली होती. कागद स्वतः प्रकाश देत नाही, त्यामुळे झगझगीत पडद्यावर बेतलेले चित्र कागदावर नेहमी उदास दिसते. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला, चित्राच्या मधल्या छटा थोड्या उजळल्या, फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगप्रणालीत पाठवली आणि दुसरी प्रत मागवली. कागद मॅट निवडला. चकचकीत कागदावर हाताचे ठसे उमटतात आणि कार्ड हातोहात फिरते.

दुसरी प्रत समोर आहे. खांदे सहाही जणांचे पूर्ण आहेत, मजकूर सासऱ्यांच्या डोक्यापासून बोटभर वर आहे. मुलाच्या सदऱ्याच्या गळ्यातून पोपटी टी-शर्टाची बारीकशी कड दिसते आहे, आणि सासूबाईंच्या हनुवटीचा रंग जागेवर आहे.