हातोडी, खिडकी आणि उरलेलं हाड

दोन दवाखाने फिरून आलेला पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच विचारतो, "मॅडम, वरची दाढ बसवायला सायनस वर उचलावा लागेल म्हणे. एक जण म्हणतात बाजूने खिडकी पाडायची, दुसरे म्हणतात टाक्याशिवाय करतो. चांगलं कुठलं?" मी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, उघडते आणि सायनसच्या, म्हणजे वरच्या दाढांवरच्या पोकळीच्या, तळाखाली हाड किती उरलंय ते मोजते. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

वरची दाढ काढून जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवली की खालून हाड झिजतं आणि वरून सायनस खाली उतरतो. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाढेसाठी हाडात बसवायचा स्क्रू, साधारण ८ ते १० मिलिमीटरचा असतो. ६-७ मिलिमीटर हाड शिल्लक असेल, तर इम्प्लांटच्याच भोकातून सायनसचा तळ हळूच वर ढकलता येतो. डॉ. समर्स यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही ऑस्टिओटोमची, म्हणजे हातोडीने ठोकायच्या दांडीसारख्या हत्याराची पद्धत; "टाक्याशिवाय" म्हणतात ती हीच. सूज कमी, खर्च कमी. पण भूल दिलेली असली तरी हातोडीचे ठोके डोक्यात घुमतात. काहींना नंतर कूस बदलताना गरगरतं, कारण ठोक्यांनी आतल्या कानातले कण जागचे हलतात. हल्ली उलटे फिरणारे खास बर (ड्रिलची टोकं) मिळतात, त्यांनी ठोके टळतात. मी आता बहुतेक वेळा तेच वापरते.

हाड ३-४ मिलिमीटरच असेल तर मला खिडकीच बरी वाटते. दंतवैद्य हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू केलेली ही वाट ऐकायला भीतीदायक आहे: हिरडी उघडा, गालाकडच्या भिंतीत खिडकी करा, सायनसच्या आतला पडदा सोडवा, त्याखाली हाड तयार व्हायला पावडर भरा. पण पडदा डोळ्यांना दिसतो. तो जेमतेम मिलिमीटरभर, बऱ्याचदा त्याहूनही पातळ. आम्ही याचा सराव कच्च्या अंड्यावर करतो, कवच कापायचं आणि आतलं पापुद्र्यासारखं आवरण शाबूत ठेवायचं. पिएझो मशीन सूक्ष्म कंपनांनी हाड कापतं आणि मऊ पडद्याला सहसा इजा करत नाही, म्हणून ते घेतलं. तरी पडदा फाटतो कधीकधी. छोटं भोक कोलॅजन या प्रथिनाच्या पडद्याने झाकता येतं. मोठं असेल तर मी टाके घालून काही महिने थांबते. इम्प्लांटच्या भोकातून काम करताना तो आतून फाटला तर बऱ्याचदा कळतही नाही, आणि "टाक्याशिवाय"च्या जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही.

खिडकीवाल्याला हाड धरायला सहा महिने, कधी जास्त. लग्नसराई डोळ्यांपुढे ठेवून आलेल्यांना हे पटत नाही.

पावडरीबद्दल मी न विचारताच सांगते. सर्वांत जास्त वापरली जाणारी पावडर गाईच्या हाडापासून बनते, आणि कोलॅजनचा पडदा बऱ्याचदा डुकराचा असतो. आमच्याकडे जैन पेशंट बरेच; त्यांच्यासाठी कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची पावडर वापरते. हे संमतिपत्रात बारीक अक्षरात दडवण्याची गोष्ट नाही.

विडी-सिगारेट सोडायला तयार नसलेल्यांना मी आधी थांबवते. आणि ५-६ मिलिमीटर घट्ट हाड असेल तर आखूड इम्प्लांट बसतो, सायनसला हातच लावावा लागत नाही. परवा एका काकांना तेच सुचवलं. ते जरा नाराजच झाले, "म्हणजे ऑपरेशन नाहीच?"