आमच्या टँकमधलं शेवाळ आणि किचनमधल्या आरओचा एक स्क्रू

ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याचा, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायचा टँक आहे आणि घरात बोअरचं पाणी आहे त्यांनी हे वाचाच, कारण माझे पाच महिने ज्या गोष्टीत गेले ती मला कुणीच सांगितली नव्हती. मी लातूरला राहते. टँक तीन फुटी आहे, सव्वा-सव्वा फूट रुंद आणि उंच, दगड-वाळू सोडून साधारण १२० लिटर पाणी बसतं. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा आणि बाकी सगळे सॉफ्ट (मऊ, सांगाडा नसलेले) कोरल, म्हणजे झोअँथिड, मशरूम आणि एक टोडस्टूल लेदर.

सुरुवात चांगलीच झाली होती. सायकलिंगला (मासे सोडायच्या आधी टँकमध्ये उपयोगी जिवाणू तयार होऊ द्यायला) सहा आठवडे लागले, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, मग मासे. मग पुण्याच्या एका हॉबीवाल्यांनी स्वतःच्या टँकमधले फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) कापून थर्मोकोलच्या डब्यात ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठवले, पहाटे पाचला जाऊन मी घेऊन आले. पिशव्या वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवल्या, मग पाऊण तास थेंब-थेंब पाणी सोडलं, आणि दुपारपर्यंत झोअँथिड उघडले. सात तोंडं (फुलासारखे उघडणारे पॉलिप) होती, मोजली होती मी.

इथेच सांगून टाकते, कठीण कोरल म्हणजे दगडासारखा सांगाडा करणारे, आणि ते पंख्यासारखे सी फॅन, हे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येतात, वाघ येतो त्याच यादीत. मेलेला पांढरा तुकडासुद्धा शोभेला घेऊ नका. दुकानदार 'चालतंय हो' म्हणतो, पण पकडला गेला तर माल तुमच्या घरात असतो. मी दगडसुद्धा टँकसाठी मिळणारे सिरॅमिकचे घेतले.

तर दीड महिन्याने वाळूवर तपकिरी थर यायला लागला. ज्याला विचारावं तो म्हणायचा नवीन टँक आहे, डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) आहेत, जातील आपोआप. नवीन टँकमध्ये येतातच ते, आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की जातात, हे खरंय. माझे गेलेच नाहीत. वर हिरवं केसाळ शेवाळ सुरू झालं. झोअँथिडच्या मधून ते केस बाहेर यायचे आणि बिचारी तोंडं अर्धी मिटलेली राहायची, लेदर तर पंधरा दिवस बंद होतं. (लेदर अधूनमधून चार-पाच दिवस मिटतं, अंगावर मेणासारखा पापुद्रा येतो, तो निघाला की पुन्हा फुलतं, तेवढ्याने घाबरू नका. पंधरा दिवस म्हणजे मात्र काहीतरी बिघडलंय.) मग सल्ले सुरू झाले. खाणं कमी करा, केलं. लाईट दहा तासांचा सहा तासांवर आणा, आणला. फॉस्फेट शोषणारी जाळी टाका, टाकली, साडेआठशे रुपये. रोज रात्री जेवणं झाली की मी टूथब्रश घेऊन दगड घासत बसायचे आणि सासूबाई म्हणायच्या, अगं शाळेची परीक्षा आहे का ती.

नायट्रेट (माशांच्या खाण्या-विष्ठेतून तयार होणारं, शेवाळाचं खतच) मोजलं की किटमधलं पाणी इतकं गडद गुलाबी व्हायचं की कार्डावरच्या ४० च्या (लिटरला मिलिग्रॅम) रंगाशी जुळायचं. सॉफ्ट कोरलला थोडं नायट्रेट लागतं, ५-१० असेल तर उत्तम, पण ४० म्हणजे शेवाळाची मेजवानी. मी दर रविवारी दहा टक्के पाणी बदलायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा ४०. दोन क्लाउनफिश चिमूटभर खातात, एवढं नायट्रेट येतंय कुठून तेच कळेना.

खरी खूण केएचमध्ये होती, आणि ती मला लवकर दिसायला हवी होती. केएच म्हणजे पाण्याची क्षारता, समुद्रात साधारण ७ असते, टँकमध्ये ८-९ ठेवतात. कोरल आणि दगडावरचं जांभळं कोरलाइन शेवाळ ती वापरतात म्हणून ती हळूहळू उतरते, वाढत नसते. माझं मीठ कालवलेल्या नव्या पाण्यात ८.५ येतं आणि टँकमध्ये मात्र १२! मी काहीही डोस करत नव्हते. त्यात एक जण म्हणाला बफर (क्षारता वाढवणारी पावडर) टाका, पीएच स्थिर राहील. नशीब मी आधी टेस्ट केली, नाहीतर १२ चं १४ केलं असतं.

मग एका रात्री वहीत हिशोब मांडला. उन्हाळ्यात आपल्याकडे ४२ डिग्री, टँक २६-२७ वर ठेवायला पाण्यावर पंखा लावते. हवा कोरडी असल्यामुळे पंख्याने तीन-चार डिग्री खाली येतात पण रोज तीन लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं, म्हणून वरून भर घालताना गोडं पाणीच घालायचं असतं, आणि त्या गोड्या पाण्यात जे काही असेल ते सगळं टँकमध्ये साचत जातं, रोज. मी किचनमधल्या आरओचं पाणी घालत होते. आरओ म्हणजे शुद्ध, एवढंच डोक्यात होतं. दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मागवला. बोअर ९००. आरओ ११८.

११८! कोरलच्या टँकला शून्य लागतं हो.

मग आरओच्या पाण्याचं नायट्रेट मोजलं, १२ च्या आसपास. बोअरचं तर कार्डाच्या बाहेर गेलं, निम्मं पातळ करून मोजलं तेव्हा ६० धरता आलं. पिण्याच्या पाण्याला मर्यादा ४५ आहे, तेव्हा आरओचं १२ प्यायला काही वाईट नाही. पण टँकसाठी हिशोब करा: रोज तीन लिटर, लिटरला १२ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३६ मिलिग्रॅम, भागिले १२० लिटर, रोज ०.३. महिन्याला ९! आणि बोअरमधले क्षार तसेच येत होते म्हणून केएच चढत होता, सिलिकेट येत होतं म्हणून तपकिरी थर जात नव्हता. सगळं एका पाइपातून.

आरओ कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. वर्षाचं मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट भरलेलं होतं म्हणून हक्काने केला. नऊ दिवसांनी माणूस आला. आल्या-आल्या, "साहेब घरी नाहीत का?" म्हटलं नाहीत, मशीनबद्दल माझ्याशी बोला. मीटर बुडवला, ११८, म्हणाला एकदम बेस्ट आहे मॅडम. संध्याकाळी मेसेज आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

दुसऱ्यांदा तक्रार केली, मेंब्रेन (आरओतली मुख्य गाळणी) बदला म्हटलं. मेंब्रेन कॉन्ट्रॅक्टमध्ये नसतंय म्हणे, २२०० रुपये. दिले. त्याने बसवलं, थोडं पाणी वाहू दिलं, मीटर लावला, ३१ आलं. मी बाजूलाच उभी होते, मला बरं वाटलं. आणि त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, मशीनच्या आत पाइपाच्या जोडावर एक छोटा पांढरा स्क्रू होता तो फिरवला, मीटरवर आकडा चढायला लागला, ४७, ७०, ९६, ११५, आणि म्हणाला आता सेट झालं.

"थांबा, आत्ता ३१ होतं ना?"

"हो मॅडम, पण ते कमी असतंय. शंभरच्या वर ठेवा म्हणून सांगतेत आम्हाला. चव येत नाही मग पाण्याला."

तो टीडीएस कंट्रोलर. मेंब्रेनमधून आलेल्या स्वच्छ पाण्यात तो मेंब्रेनच्या आधीचं पाणी मिसळतो. म्हणजे आमच्या आरओच्या पाण्यात जवळपास दहावा हिस्सा बोअरचं पाणी होतं, मुद्दाम घातलेलं, आणि जुनं मेंब्रेन बहुतेक ठीकच होतं, पण स्क्रू बंद करून ते कुणी मोजलंच नाही. २२०० रुपये गेले त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मी म्हटलं, पिण्याचं तसंच राहू द्या, मला फक्त मेंब्रेननंतर, मिसळायच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडून वेगळी नळी काढून द्या. नाही. वॉरंटी जाते. मग वरच्या साहेबांशी बोला. बोलतो म्हणाला. तिसरी तक्रार, अकरा दिवस, कुणीच आलं नाही आणि क्लोज. चौथी तक्रार, फोन आला, बाईंनी विचारलं मशीन चालू आहे का, म्हटलं चालू आहे पण, आणि 'पण'च्या पुढचं ऐकायच्या आत त्यांनी धन्यवाद म्हटलं. दहा मिनिटांत क्लोज. प्रत्येक वेळी नवीन नंबर, प्रत्येक वेळी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची, आणि इकडे प्रत्येक दिवस म्हणजे टँकमध्ये आणखी ३६ मिलिग्रॅम. मशीन तुमच्या भिंतीवर आहे, पैसे तुम्ही भरलेत, आणि आतला स्क्रू कुठे ठेवायचा ते तुम्हाला न विचारता ठरतं, हे मला पटत नाही.

शेवटी आमच्या इथल्या आरओ रिपेअर करणाऱ्या पोराला बोलावलं. वीस मिनिटांत टी बसवला, पाव इंची नळी काढली, तिला डीआय रेझिनचं (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या मण्यांचं) कार्ट्रिज जोडलं. मजुरी ३५०. मी मीटर लावला आणि शून्य! मला खरंच वाटेना, म्हणून गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी आणून मीटर तपासला, तिथे १ आलं. मीटर बरोबर होता. त्या दिवशी मी त्याला आग्रहाने जेवायला बसवलं.

तुम्ही तपासणार असाल तर एक लक्षात ठेवा, आरओच्या खालच्या टाकीत जुनं पाणी साठलेलं असतं, तोटीचं मोजलं तर फसाल, मेंब्रेनच्या नळीतून सरळ येतं ते मोजा, तेही पहिली दोन मिनिटं सोडून. आणि वेस्ट पाणी फेकू नका. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलंय आपल्या गावाला, त्या एप्रिलमध्ये मी रांगेत उभी होते, लिटरभर आरओला दोन-तीन लिटर वेस्ट जाताना बघवत नाही. माझं सगळं ड्रममध्ये जातं, फरशी आणि बाथरूमला.

पाणी सुधारल्यावर जादू झाली नाही, तीन महिने लागले. दर रविवारी दहा टक्के, लिटरला ३६-३८ ग्रॅम मीठ, मोटर लावून रात्रभर फिरवायचं, मग खारटपणा ३५ आला की टँकमध्ये. नायट्रेट ४० चं ३०, मग २२, मग १०. केएच ९ ला आला. केसाळ शेवाळ पांढरट होऊन सुटायला लागलं, गोगलगायींनी बाकीचं केलं. लाईट पुन्हा आठ तास केला.

केएच कमी असेल तर साधा खायचा सोडा चालतो, १०० लिटरला ३ ग्रॅमने साधारण १ वाढतो, बेकिंग पावडर नाही हं, सोडाच. आरओच्या पाण्यात विरघळवून हळूहळू, एका दिवसात १ पेक्षा जास्त नको, आणि आधी टेस्ट. सॉफ्ट कोरल असतील तर कॅल्शियमच्या मागे फार लागू नका, ४०० ते ४५० मध्ये असलं की झालं. आकडा नेमका किती यापेक्षा तो रोज तोच राहतोय का ते बघा.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहरी विष असू शकतं. कापताना, घासताना हातमोजे आणि चष्मा घालाच, आणि शेवाळ जावं म्हणून तो दगड कधी उकळू नका, वाफेतून घरातली माणसं दवाखान्यात गेल्याची प्रकरणं झालेली आहेत. मी पाच महिने उघड्या हाताने घासत होते, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

लोडशेडिंगला इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारी मोटर) ठेवलाय. हिटर-लाईट काही तास बंद चालतात, पाणी थांबलेलं चालत नाही.

काल रात्री लाईट जायच्या आधी टॉर्च घेऊन बघितलं, झोअँथिडच्या कडेला मोहरीएवढे दोन नवे कोंब आलेत, अजून तोंड उघडलेलं नाही. ते धरून तेहतीस झाली. डीआयनंतर मीटरवर शून्याच्या जागी २ दिसायला लागलंय, रेझिन मागवली आहे, तोवर भर घालायचं पाणी आधी भरून ठेवलेल्या दोन कॅनमधूनच घालतेय.