हळदीची पट्टी

आज चुलतभावासोबत सांगलीच्या मार्केट यार्डात गेलो होतो. हळदीचा सौदा झाला. अडत्यानं विक्रीच्या हिशेबाची पट्टी दिली, ती दादानं न बघताच वहिनीच्या हातात ठेवली. तिनं चार घड्या घालून पर्समध्ये सरकवली. गळ्यात नुसती काळ्या मण्यांची पोत. डोरलं गहाण आहे.

दोन वर्षांपूर्वी मोबाईलवरच्या रमीत दादाचं अख्खं ऊसबिल गेलं. बोललं की म्हणायचा, "चोरी करतोय का? सरकार टॅक्स घेतंय की!" आणि ते खरंच होतं. ऑक्टोबर २०२३ पासून खेळात भरलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी लागत होता.

मटका खेळणाऱ्याला निदान आडोसा शोधावा लागायचा, चार माणसं बघतील ही धास्ती असायची. राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे, पण तिकीट काढलं की सोडतीची वाट बघायला लागायची. इथं गोधडीत पडल्या पडल्या डावावर डाव. शेजारी झोपलेल्या वहिनीला पत्ताच नाही. कायदेशीर म्हटल्यावर माणसाची लाजच गेली, असं मला वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. लई बरं झालं. पण घेतलेल्या कर्जाचे हप्ते काय थांबलेत का?

यार्डाबाहेर चहा घेताना वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, सोसायटीचं कर्ज भरून काही उरलं तर डोरलं सोडवून आणूया."

दादा बशीतल्या चहाकडे बघत बसला. चहा गार झाला तरी उचलला नाही.